दुसऱ्याचं कर्ज, आपलं अंथरूण: जामीन राहण्याबद्दल बायबल काय सांगतं

वर्तमानपत्रात 'ताबा सूचना' या मथळ्याखाली छापलेला मजकूर तुम्ही पाहिला असेल. बारीक टाइप, पाडलेले रकाने. आधी कर्जदाराचं नाव, खाली सहकर्जदार आणि त्याच्या खाली जामीनदार. थकबाकीचा आकडा तिघांना मिळून एकच. वाचताना माझी नजर नेहमी त्या तिसऱ्या नावावर अडते. या माणसाने घर घेतलेलं नाही, धंद्याला पैसा उचललेला नाही. त्याने सही केली, एवढंच.

माझे वडील असेच एक जामीनदार होते. प्राथमिक शिक्षक. शाळेतल्या एका सहकाऱ्याला पतसंस्थेचं कर्ज हवं होतं आणि दोन पगारदार जामीनदार लागत होते. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता वडिलांनी सही केली. पुढे चार वर्षं त्यांच्या पगारातून हप्ता कापला गेला. आमच्या घरी रोज संध्याकाळी बायबल वाचलं जायचं आणि नीतिसूत्रांचं पुस्तक वडिलांच्या विशेष आवडीचं. त्या एका पुस्तकात जामीन राहण्याविरुद्ध सहा ठिकाणी लिहिलेलं आहे. ती वचनं आमच्या घरात कितीदा वाचली गेली असतील! पण ती आपल्या सहीबद्दल आहेत, असं कुणाच्याच मनात आलं नाही.

म्हणून हा विषय नीट उलगडून सांगावासा वाटतो. बायबल न मानणाऱ्यालाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

### जामीन राहणं म्हणजे नेमकं काय?

१८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२६मध्ये व्याख्या आहे. तीन माणसं असतात: पैसे देणारा, पैसे घेणारा आणि 'घेणाऱ्याने फेडले नाहीत तर मी फेडीन' असं म्हणणारा. हा तिसरा म्हणजे जामीनदार.

बहुतेकांना वाटतं, जामीनदार हा राखीव खेळाडू. खरा खेळाडू जायबंदी झाला तरच त्याला मैदानात यायचं. कायदा तसं मानत नाही. कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर कर्जदारावर जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदारावर. एका जुवाला जुंपलेल्या दोन बैलांसारखं हे आहे. एक बसला की गाडी थांबत नाही, सगळा भार दुसऱ्याच्या मानेवर येतो. 'आधी कर्जदाराकडून सगळं वसूल करा, मग माझ्याकडे या,' असं बँकेला सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली बँक ऑफ बिहारच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. जामीनदाराकडे जाण्याआधी बँकेला थांबायला लावलं, तर जामीन घेण्याचा हेतूच बुडतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

पुढच्या काळातल्या यहुदी धर्मशास्त्रात, मिश्ना या संग्रहात, नियम याच्या उलट सापडतो. साध्या जामिनात सावकाराने आधी कर्जदाराकडे मागायचं. 'ज्याच्याकडून हवे त्याच्याकडून घेईन' अशी अट मुद्दाम घातलेली असेल, तरच थेट जामीनदाराकडे जाता येतं. आपल्याकडे ती अट न घालताच लागू असते.

आणखी एक गोष्ट सही करताना ध्यानात येत नाही. माणूस कर्ज फेडेल की नाही हे जोखणं हाच बँकेचा धंदा. तिला एकट्या कर्जदाराचा भरवसा वाटत नाही म्हणून ती जामीनदार मागते. म्हणजे जाणकार संस्था जो धोका एकटी घ्यायला तयार नाही, तो आपण मैत्रीखातर घेतो, आणि त्याबद्दल आपल्याला व्याजाचा एक पैसाही मिळत नाही.

### नीतिसूत्रांत काय लिहिलं आहे?

बायबलच्या जुन्या करारातलं हे पुस्तक म्हणजे बापाने मुलाला करावा तशा उपदेशाचा संग्रह. परंपरेने ते शलमोन राजाच्या नावावर आहे. पंचविसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला यहूदा या राज्याचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी पुढची सूत्रं उतरवून घेतल्याची नोंद आहे. हिज्कीयाचा काळ इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरचा.

मूळ हिब्रूत जामीन राहण्यासाठी 'अरव' हे क्रियापद आहे. त्याच धातूपासून 'एरावोन', म्हणजे तारण म्हणून दिलेली वस्तू. हाच शब्द ग्रीकमध्ये 'अर्राबोन' होऊन नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागात, विसाराच्या अर्थाने आला. आपला 'जामीन' हा शब्द अरबी-फारसीतून आलेला. दोन्ही शब्दांची घराणी शेजारशेजारची, आणि दोन्हीत आपण स्वतःला दुसऱ्याच्या जागी बांधून घेतो. करार पक्का कसा व्हायचा? हातावर हात मारून. आपल्याकडे बैलबाजारात सौदा ठरल्यावर मारतात तसा. त्यामुळे नीतिसूत्रांत 'हातावर हात मारणे' म्हणजेच जामीन राहणे.

सगळ्यात सविस्तर इशारा सहाव्या अध्यायाच्या आरंभी आहे. त्याचा आशय माझ्या शब्दांत असा: बाळा, तू शेजाऱ्यासाठी जामीन राहिला असशील, परक्यासाठी हातावर हात मारला असशील, तर तू आपल्याच तोंडच्या शब्दांनी अडकला आहेस. आता सुटका करून घे. जा, नमतं घे, त्याच्या मागे लाग. डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस. शिकाऱ्याच्या हातून हरिण निसटतं, फासेपारध्याच्या हातून पाखरू निसटतं, तसा निसट.

इथे सापळा सावकाराने लावलेला नाही, कर्जदारानेही नाही. तो आपल्याच शब्दांचा आहे. या ओळींच्या लगेच पुढे आळशाला मुंगीकडे पाठवणारा प्रसिद्ध उपदेश येतो. कण कण साठवणारी मुंगी आणि एका शब्दात सगळं साठवलेलं पणाला लावणारा माणूस हे इतके जवळ यावेत, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

विसाव्या आणि सत्ताविसाव्या अध्यायांत एकच सूत्र जवळपास जसंच्या तसं दोनदा येतं: परक्यासाठी जो जामीन राहिला त्याचं वस्त्र ठेवून घे. हा सल्ला सावकाराला आहे. वाचताना कठोर वाटतो, पण त्यातलं व्यवहारज्ञान पाहा. ओळखपाळख नसलेल्या माणसासाठी जो स्वतःला बांधून घेतो, त्याला उधार देणंही धोक्याचं, म्हणून आधी तारण घे. आज तुम्ही कुणाला जामीन राहिलात की त्या कर्जाची नोंद तुमच्या क्रेडिट अहवालातही दिसते, आणि उद्या तुम्हालाच गृहकर्ज हवं असेल तेव्हा बँक ती नोंद बघते. हिशेब तोच आहे.

आणि बाविसाव्या अध्यायात: फेडायला तुझ्याजवळ काही नसेल, तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण त्यांनी का ओढून न्यावं? आपण म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. इथे पाय दुसऱ्याने पसरले आहेत आणि अंथरूण आपलं गेलं आहे.

### इतकी कडक भाषा का?

कारण त्या जगात कर्ज बुडालं की माणसं जायची. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात, इसवी सनापूर्वी सुमारे १७५० साली, कर्जापायी बायको किंवा मुलं सावकाराकडे कामाला लावलेली असतील, तर तीन वर्षांनी त्यांना सोडावं असं कलम आहे. म्हणजे त्याआधी ती किती वर्षं राबत असतील! इस्राएलातही हे होतं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे रडत येते: नवरा गेला, आणि सावकार माझ्या दोन्ही मुलांना गुलाम करायला आला आहे. नहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात दुष्काळाने आणि राजाच्या कराने पिचलेले लोक आक्रोश करतात. शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली आहेत आणि मुली दासी होऊ लागल्या आहेत. सावकार आपल्याच समाजाचे होते. लोकांचा सुभेदार नहेम्या त्या सावकारांना खडसावून शेतं आणि घेतलेलं व्याज परत करायला लावतो.

मोशेच्या नियमशास्त्रात, म्हणजे जुन्या कराराच्या सुरुवातीच्या पुस्तकांतल्या नियमांत, गरीब कर्जदारासाठी मोठी कणव आहे. अंगावरचं वस्त्र गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, कारण त्याचं पांघरूण तेवढंच आहे. जातं किंवा त्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नकोस, कारण ते त्याचं पोट आहे. तारण आणायला त्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा. हे सगळं कर्जदारासाठी. जामीनदारासाठी मात्र त्या नियमशास्त्रात एकही कलम नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं. पोटासाठी कर्ज काढणाऱ्याला नियमाचा आधार देता येतो. पण स्वतःहून, कुणी भाग पाडलं नसताना, दुसऱ्याच्या ओझ्याखाली मान देणाऱ्याला कोणता नियम वाचवणार? त्याला आधीच शहाणं करणं एवढंच हातात उरतं, आणि ते काम नीतिसूत्रं करतात.

### 'आता कुठे गुलामगिरी आहे?'

कायद्याने तरी नाही, आणि हे मोठंच भाग्य आहे. पण अंथरूण ओढून नेण्याची सोय अजून आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी पतसंस्थेला सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम १०१खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा अधिकृत हुकूम, मिळतो आणि तो जामीनदाराच्या नावावरही निघतो. बँकांसाठी थकीत कर्जाच्या वसुलीचा २००२चा सरफेसी कायदा आहे. त्यातल्या 'कर्जदार' या शब्दाच्या व्याख्येतच जामीनदार धरलेला आहे. त्याने घर तारण ठेवलेलं असेल तर साठ दिवसांची नोटीस संपल्यावर बँक त्या घराचा ताबा घेऊ शकते. जामीनदार वारला तरी आधी अंगावर आलेली देणी त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकतात. मुलांना गुलाम करत नाहीत, पण त्यांच्यासाठी ठेवलेलं घर जाऊ शकतं.

हे गरिबांपुरतंही नाही. कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्या मालकांवर दिवाळखोरी संहितेखाली थेट कारवाई करण्याची तरतूद १ डिसेंबर २०१९पासून लागू झाली आणि मे २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. कंपनीची सुटका झाली म्हणून हमी देणारा आपोआप सुटत नाही.

### 'पण शेजाऱ्यावर प्रेम करा, असंही बायबलच सांगतं ना?'

हा आक्षेप खरा आहे, आणि देवभीरू माणसं याच दोराने बांधली जातात. माझे वडीलही. 'नाही कसं म्हणायचं?' एवढंच ते म्हणाले होते.

नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात दोन ओळी एकीखाली एक आहेत. सतरावी म्हणते, मित्र सर्व काळी प्रेम करतो आणि भाऊ संकटासाठीच जन्मलेला असतो. तिच्या लगेच खालची अठरावी म्हणते, अक्कल नसलेला माणूस हातावर हात मारून शेजाऱ्यासाठी जामीन राहतो. या दोन ओळी शेजारी ठेवणाऱ्याला प्रेम आणि जामीन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ठाऊक होतं.

वेगळ्या कशा? त्याच पुस्तकाचा तिसरा अध्याय पाहा. देणं तुझ्या हातात असताना गरजवंताला नाकारू नकोस. जवळ आहे तर 'उद्या ये' म्हणू नकोस. डोंगरावरच्या प्रवचनात येशूही म्हणतो, मागणाऱ्याला दे, उसनं मागणाऱ्याला पाठ दाखवू नकोस. दोन्हीकडे आज जवळ असलेलं देण्याबद्दल बोलणं चालू आहे. जामीन राहताना आपण आज काहीच देत नाही. उद्याचं देतो, आणि तो उद्या आपल्या हातात नसतो. मित्राची नोकरी टिकेल का, त्याचा धंदा चालेल का, त्याची नियत बदलेल का, यातल्या एकाही गोष्टीवर आपला ताबा नाही. वर त्या उद्यात आपल्या बायकोचा, मुलांचा, म्हाताऱ्या आईचाही वाटा असतो.

समजा, मित्राला पाच लाखांचं कर्ज हवं आहे आणि तुमच्या जवळ वीस हजार मोकळे आहेत. ते वीस हजार द्या, आणि परत नाही आले तरी मैत्री राहील अशा मनाने द्या. ही मदत पाच लाखांच्या सहीपेक्षा लहान दिसेल. पण ती खरी असते. सही करताना आपण न घडलेल्या उदारपणाचं समाधान फुकटात घेतो, आणि बिल येतं तेव्हा आपल्याला राग येतो. उदारपणाचा राग येत नसतो.

### 'यहूदाही जामीन राहिलाच की!'

हो, आणि ही कथा नीट वाचली तर सगळा विषय स्वच्छ होतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आणि त्याचे मुलगे यांची ही गोष्ट आहे. दुष्काळ पडला आहे. धान्य मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये मिळतं, पण तिथल्या अधिकाऱ्याने, जो खरं तर या मुलांनीच विकलेला त्यांचा भाऊ योसेफ आहे, शिमोनाला ठेवून घेतलंय आणि धाकट्या बन्यामीनाला आणा म्हणून सांगितलंय. म्हातारा याकोब बन्यामीनाला सोडायला तयार नाही. थोरला रऊबेन म्हणतो, त्याला परत आणलं नाही तर माझी दोन मुलं मारून टाका. याकोब नकार देतो. नकार देणारच, आपल्याच नातवंडांना मारून त्याला काय मिळणार होतं? पुढे धान्य संपतं तेव्हा यहूदा बोलतो: मी स्वतः त्याचा जामीन. त्याला माझ्या हातून मागा. आणला नाही तर जन्मभर दोष माझा. आणि याकोब त्याला पाठवतो.

दोघांनीही हमी दिली. रऊबेनने मुलांना पणाला लावलं, यहूदाने स्वतःला. मिसरात बन्यामीनाच्या गोणीत चांदीचा प्याला सापडतो आणि किंमत चुकवायची वेळ येते. तेव्हा यहूदा पुढे होतो: या मुलाच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवून घ्या, त्याला घरी जाऊ द्या. योसेफाला विकून टाकू, असं सुचवणारा हाच यहूदा होता. त्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात तो जे बोलतो ते मोठ्याने वाचताना माझा आवाज अजून जड होतो.

नव्या करारात येशूचा प्रेषित पौल असंच करतो. पळून गेलेला दास अनेसिम याला तो फिलेमोन नावाच्या धन्याकडे परत पाठवतो आणि चिठ्ठीत लिहितो: त्याचं तुझं काही देणं असेल तर माझ्या खात्यावर मांड. मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. 'त्याने नाही फेडलं तर बघू' अशी भाषा त्यात नाही. पौल ते देणं आपलं म्हणून घेतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलं आहे, आणि प्रवचनांत हे वचन पुढे करून 'मग आपणही' असा आग्रह झालेला मी ऐकला आहे. पण त्या जामिनाने पूर्ण किंमत जाणूनबुजून आणि स्वतःच्या जीवाने चुकवली, ही ख्रिस्ती श्रद्धा आहे. 'काही होणार नाही, नुसती फॉर्मॅलिटी आहे' म्हणून केलेल्या सहीला त्या नावाचा आधार देणं मला बरोबर वाटत नाही.

या सगळ्याचा व्यवहारातला निकष यरुशलेमच्या बेन सिरा या यहुदी शिक्षकाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिहून ठेवला. त्याचा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. तो म्हणतो, ऐपतीपलीकडे जामीन राहू नकोस, आणि राहिलासच तर फेडायचंच आहे असं धरून चाल. पुढे एकोणतिसाव्या अध्यायात तो चांगला माणूस शेजाऱ्याला जामीन राहतो, असंही म्हणतो. माझं मत त्याच्यासारखंच आहे. पोरीच्या शिक्षणाचं कर्ज असेल, सख्ख्या भावाचं औषधपाणी असेल, तर राहावं लागतं. मग त्या रात्री कागद घेऊन बसावं आणि पूर्ण रक्कम आपल्यालाच फेडायची आहे असं समजून हप्ता मांडावा. जमत असेल आणि घरातल्या माणसाला ते मान्य असेल, तर सही करावी.

### सही आधीच झाली असेल तर?

नीतिसूत्रांचा सल्ला इथे अक्षरशः घ्या: आज जा. बँकेत लेखी अर्ज देऊन कर्जखात्याचा उतारा मागा आणि अर्जाची पोच घ्या. कर्जदाराने दुसरा जामीनदार किंवा तारण दिलं, तर आपलं नाव वगळता येईल का ते विचारा. हे बँकेच्या संमतीने होतं. व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिटसारखी पुन्हा पुन्हा उचल होणारी हमी असेल, तर करार कायद्याचं कलम १३० पुढच्या उचलीपुरती ती नोटीस देऊन मागे घेऊ देतं. आधीचं देणं राहतंच. छापील करारात असे हक्क सोडून दिल्याची वाक्यंही असतात, म्हणून सही केलेला कागद वकिलाला दाखवा.

भरावं लागलंच तर प्रत्येक पावती जपून ठेवा. कलम १४५नुसार ते पैसे मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि कलम १४६प्रमाणे सहजामीनदारांनाही सारखा वाटा उचलावा लागतो. माझ्या वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसरे जामीनदार निवृत्त होऊन गावी गेले होते आणि वडिलांनी त्यांना एक पत्रही लिहिलं नाही.

आणि घरी सांगा. 'डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस' हे शब्द लिहिणाऱ्याला ती रात्र ठाऊक असणार. ती एकट्याने काढू नये.

### ज्याच्यासाठी सही होते, त्याला

बेन सिराच्या त्याच अध्यायात कर्जदारालाही सांगणं आहे: तुझ्या जामिनाचे उपकार विसरू नकोस, त्याने तुझ्यासाठी आपला जीव दिला आहे. जामिनापायी कितीतरी सुखवस्तू माणसं धुळीला मिळाली, समुद्राच्या लाटांनी फेकावी तशी फेकली गेली, असंही तो लिहितो.

तेव्हा तुमच्यासाठी कुणी सही केली असेल तर दर तीन महिन्यांनी खात्याचा उतारा त्याला स्वतःहून पाठवा. हप्ता चुकणार असं दिसलं, तर बँकेच्या आधी त्याला फोन करा. लाज वाटेल, तरी करा. माझ्या वडिलांना तो फोन आला नाही. सहकारी त्याच शाळेत होता आणि रोज एकाच व्हरांड्यात दोघांची गाठ पडायची. पण वडिलांना कळलं ते महिनाअखेरीला, पगारपत्रकावरच्या एका नव्या कपातीवरून.